विमानविद्या आपल्याकडे आली कशी?

बारावी झालेली मुले आणि त्यांचे पालक एक प्रश्न हमखास विचारतात: एरोनॉटिकल इंजिनिअरिंगला जावे का? उत्तर देण्याआधी ही विद्या आपल्या देशात कशी आली ते पाहू. तिने काय दिले आणि ती कुठे अडली, हे या इतिहासातून कळते.

सुरुवात जर्मनीत होते. १९०४ साली लुडविग प्रांट्ल यांनी दाखवून दिले की वाहत्या हवेचे घर्षण प्रामुख्याने पृष्ठभागाला चिकटून असलेल्या पातळ थरात घडते. हा थर पंखापासून सुटला, की विमानाला उचलणारे बल ढासळते. या एका कल्पनेमुळे पंखाचा आकार हा अंदाजाचा नव्हे, गणिताचा विषय झाला.

ग्यॉटिंगेनला याच प्रांट्ल यांच्या हाताखाली १९३०च्या दशकात एका मराठी माणसाने डॉक्टरेट केली. त्यांचे नाव विष्णु माधव घाटगे. इकडे १९४० साली सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानच्या साथीने बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी काढली. युद्धाचे दिवस होते. कारखाना उभा राहिला, पण विमानाची रचना जाणणारे इंजिनिअर आणायचे कुठून? १९४२ साली बंगळुरूच्याच भारतीय विज्ञान संस्थेत विमानविद्येचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. तो उभा करणाऱ्यांत घाटगे अग्रभागी होते. म्हणजे आपल्याकडे कारखाना आधी आला आणि वर्ग मागाहून भरला!

घाटग्यांच्या नेतृत्वाखाली रचलेले एचटी-२ हे दोन आसनांचे प्रशिक्षण विमान ऑगस्ट १९५१मध्ये उडाले. अशी दीडशेहून अधिक विमाने बनली आणि वैमानिकांच्या कित्येक तुकड्या त्यांवर उडायला शिकल्या.

त्याच वर्षी सतीश धवन विज्ञान संस्थेत रुजू झाले. त्यांनी डॉक्टरेट अमेरिकेत कॅलटेकमध्ये केली होती. तिथली विमानविद्येची परंपरा घडवली ती थिओडोर फॉन कार्मान यांनी, आणि कार्मान हे प्रांट्ल यांचेच विद्यार्थी. एकाच वडाच्या दोन पारंब्या बंगळुरूच्या मातीत रुजल्या. ध्वनीपेक्षा वेगवान हवेचा देशातला पहिला वातबोगदा धवन यांनी बांधला. त्याचा छेद केवढा? एक इंच बाय तीन इंच. पैसा थोडा होता, पण विद्यार्थ्यांना उपकरण स्वतः घडवता आले, आणि खरे शिक्षण ते होते.

आता अडलो कुठे ते पाहू. एचटी-२चे इंजिन ब्रिटिश होते. १९६१ साली उडालेल्या मारुत लढाऊ विमानाची रचना जर्मन कुर्ट टँक यांनी आपल्या इंजिनिअरांसह केली. तिला साजेसे शक्तिशाली इंजिन मात्र मिळाले नाही, आणि मारुतची क्षमता पुरती उतरलीच नाही. तेजससाठी कावेरी इंजिनाचा प्रकल्प हाती घेतला, तरी २००१ साली तेजस आकाशात झेपावले ते अमेरिकन इंजिनावर.

असे का व्हावे? जेट इंजिनातल्या टर्बाइनच्या पात्यांवरून जाणारा वायू त्या धातूच्या वितळणबिंदूपेक्षाही तप्त असतो. पाते टिकवायचे तर आतून बारीक वाटांनी थंड हवा फिरवावी लागते, आणि ते धातूच्या एकसंध स्फटिकातून ओतावे लागते. फळ्यावरचे गणित इथे पुरे पडत नाही. भट्टी लागते, चाचणीगृह लागते आणि वर्षानुवर्षे फसलेले प्रयोग पचवण्याची तयारी लागते.

म्हणून मुलांना माझे सांगणे असे: या विद्येकडे जरूर या, पण महाविद्यालय निवडताना इमारत पाहू नका. वातबोगदा चालू आहे का, विद्यार्थी त्याला हात लावतात का, इंजिन उघडून दाखवतात का, हे विचारा. आणि विमानाच्या देखण्या आकारावर भाळण्याआधी इंजिन आणि धातू या विषयांकडे एकदा नीट पाहा. घाटगे-धवनांच्या पिढीने पंख दिले. इंजिनाचे काम अजून पुरे व्हायचे आहे.