पोपटाच्या वाटीतली परंपरा

पिंजऱ्यातला पोपट म्हटलं की हिरवी मिरची, पेरूची फोड आणि भिजवलेली हरभऱ्याची डाळ डोळ्यांपुढे येते. हे खाणं इतकं रुळलेलं आहे की ते पूर्वापार चालत आलंय असंच आपण धरून चालतो. प्रत्यक्षात यातली डाळ तेवढी जुनी. मिरची आणि पेरू दोन्ही मूळचे अमेरिका खंडातले. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ते सोळाव्या शतकापासून गोव्याच्या बाजूला उतरले आणि पुढे देशभर पसरले. पोपट पाळण्याची चाल त्याच्या कितीतरी आधीची. इसवीसनापूर्वी ४०० च्या सुमारास क्टेसियस या ग्रीक वैद्याने माणसासारखं बोलणाऱ्या भारतीय पक्ष्याचं वर्णन लिहून ठेवलं, आणि कामसूत्राने पोपट-मैनेला बोलायला शिकवणं चौसष्ट कलांत मोजलं. त्या सगळ्या काळात आपल्याकडचे पोपट मिरचीवाचून जगले. म्हणून पोपटाचं पारंपरिक खाणं कोणतं, या प्रश्नाचं माझं उत्तर असं की परंपरा एखाद्या पदार्थाची नव्हती, अनेक पदार्थांची होती. एकाच दाण्यावर पक्षी ठेवण्याची रीत अलीकडची आहे.

याचा सुंदर पुरावा सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या कादंबरीत सापडतो. अंतःपुरात काही खायला मिळालं का, असं शूद्रक राजा वैशंपायन पोपटाला विचारतो, तेव्हा तो जांभळाचा रस, डाळिंबाचे दाणे आणि आवळे यांची नावं घेतो. त्याच्या बालपणीच्या हकिगतीत म्हातारा बाप इतर घरट्यांतून गळालेले साळीचे दाणे आणि फळांचे तुकडे गोळा करून पिलाला भरवतो. काव्याला पुरावा कसं म्हणायचं, असा आक्षेप येईल, आणि राजवाड्यातल्या थाटापुरता तो रास्तही आहे. पण घरट्याखालचे दाणे वेचणारा बाप ही थाटाची गोष्ट नाही; ते पाहिलेलं आहे. आजही रानातला पोपट कोवळ्या कणसावर बसतो, पेरू-जांभळं कुरतडतो, काटेसावर फुलली की तिच्या फुलांतला मध चाखतो. ज्वारीच्या शेतात गोफण घेऊन उभ्या राहिलेल्या राखणदाराला हे वेगळं सांगायला नको.

मिरची नवी असली तरी ती पोपटाला मानवली. पोपट एका पायात मिरची धरतो, चोचीने उभी चिरतो, आधी बिया काढतो आणि मग साल चावत बसतो. तिखटपणा जाणवून देणारा जो ग्राहक सस्तन प्राण्यांत असतो, त्याचं पक्ष्यांमधलं रूप मिरचीतल्या कॅप्सेसिनला दाद देत नाही. कोंबडीच्या बाबतीत २००२ साली हे स्पष्ट झालं. मिरचीत क जीवनसत्त्व असतं आणि ज्यातून अ जीवनसत्त्व बनतं ते कॅरोटीनही. नुसत्या दाण्यांत नेमकी त्याचीच वाण असते. शास्त्र ठाऊक नसताना ओसरीवर मिरची टांगणाऱ्यांनी पोपटाचं भलंच केलं.

वाटी आकसली ती पुढे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यानंतरच्या निर्बंधांमुळे देशी पोपट पकडणं, विकणं, पाळणं गुन्हा ठरलं, आणि हे योग्यच झालं. घरात आला तो ऑस्ट्रेलियाचा बजरीगर, दुकानात बहुधा ‘लव्हबर्ड’ म्हणून विकला जाणारा. जॉन गुल्ड यांनी १८४० मध्ये तो जिवंत इंग्लंडला नेला आणि तिथून तो जगभर पिंजऱ्यात गेला. त्याच्याबरोबर आली ती राळ्याची पुडी. सूर्यफूलही आपल्याकडे तेलबियांचं पीक म्हणून १९६९ नंतर रुजलं आणि त्याच्या चरबीदार बिया पक्ष्यांच्या खाद्यात शिरल्या.

बजरीगर रानातही गवताचं बीच खातो, मग राळा का नको? नको असं नाही, नुसता नको. रानात तो पावसामागे भटकत नाना जातींच्या गवताचं बी खातो, त्यातलं काही अर्धकच्चं, आणि दिवसाकाठी भरपूर उडतो. पिंजऱ्यात कोरडं बी आणि बसून राहणं. नुसत्या बियांवर ठेवलेल्या बजरीगरांमध्ये आयोडिनच्या अभावी गलगंड होतो, हे विसाव्या शतकाच्या मध्यापासून पशुवैद्य नोंदवत आले आहेत. बियांत कॅल्शियमही कमीच. शिवाय हा पक्षी दाणा सोलून फोलपट वाटीतच टाकतो. वाटी भरलेली दिसते आणि पक्षी उपाशी असतो. रोज फुंकर मारून पाहिल्याशिवाय ते कळत नाही.

आमच्या आजोबांचा पोपट डाळीवर वीस वर्षं जगला, असं अनेक घरांत सांगतात. जे लवकर गेले त्यांच्या गोष्टी कोणी सांगत नाही, हे एक. दुसरं असं की तो पोपट नुसत्या डाळीवर नव्हताच: सोलाण्याचे घाटे, मटाराच्या शेंगा, पेरू त्याला मिळे आणि ओसरीवर ऊनही लागे. त्या घरांची चूक होती ती चहात बुडवलेल्या बिस्किटाची, फळांची नव्हे.

उरतो एक खरा अडथळा: आमचा पक्षी भाजीला तोंडच लावत नाही. थव्यातला पक्षी काय खायचं ते मोठ्यांचं पाहून शिकतो. लहानपणापासून राळाच पाहिलेल्याला कोथिंबीर हे अन्न वाटतच नाही. त्याला उपाशी ठेवून शिकवू नये, लहान पक्षी एकदोन दिवसांतही दगावतो. ओळखीच्या राळ्यालाच मोड आणून द्यावेत. ते तो खायला लागला की बारीक चिरलेली मेथी, शेवग्याचा कोवळा पाला, किसलेलं गाजर त्यात थोडं थोडं मिसळावं आणि दर आठवड्याला वजन पाहावं. अ‍ॅव्होकाडो मात्र कधीच नाही, तो बजरीगरला विषारी आहे. काही पक्षी आठवड्यात शिकतात, काहींना महिने लागतात.