फोन धडधाकट, पण आतली सिस्टीम गेली



गटाच्या वहीत कर्जाचं कारण लिहायचा रकाना असतो. पूर्वी तिथे शेळी, शिलाई मशीन, मुलाची फी, घराची डागडुजी असं लिहिलं जायचं. आता अधूनमधून ‘मोबाईल’ असं लिहिलं जातं. आणि त्याच्यासोबत प्रश्न येतो, घेऊ कुठला? बटणाचा जिओ सोडून अँड्रॉइडवर जाऊ, की अँड्रॉइड सोडून जुना का होईना पण आयफोन घेऊ? दुकानदार एक सांगतो, पोरगा दुसरंच सांगतो. म्हणून आज आपल्या हातातल्या फोनचा इतिहास सांगते. आधीचे फोन आपण का सोडले, हे कळलं की पुढचा निवडायला सोपं जातं.

आधी ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय ते बघू. फोन चालू केला की कंपनीचं नाव येतं आणि मग आत जे जागं होतं, ती ही सिस्टीम. पडद्यावर मराठी दिसणार का, कुठलं अ‍ॅप चालणार, कुठलं नाही, हे तीच ठरवते. अ‍ॅप बनवणारे प्रत्येक सिस्टीमसाठी वेगळं अ‍ॅप बनवतात. एखाद्या सिस्टीमसाठी बनवणं त्यांनी थांबवलं, की फोन कितीही धडधाकट असो, तेवढं काम त्याच्यावर होत नाही.

२००३ साली नोकियाचा ११०० बाजारात आला. बॅटरी असलेला तो फोन आठवतोय ना? बोलायचं, मेसेज करायचा, वीज गेली की उजेड पाडायचा. आतली सिस्टीम कुठली हे कुणी विचारलं नाही, विचारायचं कारणही नव्हतं. पुढे अ‍ॅपचे दिवस आले आणि एवढी मोठी नोकिया मागे पडली. २०११ मध्ये तिने स्वतःची सिस्टीम बाजूला ठेवून मायक्रोसॉफ्टची विंडोज घेतली. फोन दिसायला देखणे होते, पण लोकांना हवी ती अ‍ॅप्स त्यांच्यावर पुरेशी आलीच नाहीत. ३१ डिसेंबर २०१९ नंतर विंडोजच्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅपही बंद झालं.

आता आपल्या जवळची गोष्ट. आमच्या नावड्याहून ठाण्याच्या बाजूला निघालं की पुढे घणसोली लागते. तिथे रिलायन्सचं मोठं संकुल आहे, जिओचा कारभार तिथून चालतो. जुलै २०१७ मध्ये कंपनीच्या वार्षिक सभेत जिओ फोन जाहीर झाला. पंधराशे रुपये अनामत, तीही तीन वर्षांनी परत मिळायची. त्याच्या आतली सिस्टीम होती कायओएस. तिचं मूळ मोझिला या संस्थेच्या फायरफॉक्स सिस्टीममध्ये. त्या सिस्टीमचा इंटेक्स कंपनीचा फोन २०१४ मध्ये आपल्याकडे अवघ्या १,९९९ रुपयांना आला होता, पण चालला नाही. फोनचं ते काम मोझिलाने सोडलं, दुसऱ्यांनी उचललं आणि त्यातून कायओएस झाली.

या फोनला मी कधीच नावं ठेवणार नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये त्याच्यावर व्हॉट्सअ‍ॅप आलं आणि कितीतरी बायकांना पहिल्यांदा स्वतःचं व्हॉट्सअ‍ॅप मिळालं. नवऱ्याच्या फोनवर आलेला गटाचा निरोप संध्याकाळी कळायचा, तो आता थेट कळू लागला. लिहिता येत नसेल तर बोलून पाठवायचा. माहेरचा फोटो दिसायचा. २०२० पर्यंत असे दहा कोटींहून जास्त फोन देशात खपले होते.

मग जून २०२४ पासून कायओएसवर नवीन व्हॉट्सअ‍ॅप घेणं बंद झालं आणि २०२५ च्या सुरुवातीला ते चालायचंच थांबलं. आमच्या एका गटातल्या काकू फोन घेऊन आल्या. म्हणाल्या, “ताई, पडला नाही, पाण्यात गेला नाही, मग झालं काय याला?” फोनला काहीच झालं नव्हतं. कॉल लागत होते, बटणं छान होती. लांबच्या एका कंपनीने ठरवलं होतं की या सिस्टीमसाठी आता राबायचं नाही. काकूंना कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारणारही नव्हतं.

तुम्ही म्हणाल, मग अँड्रॉइड घेतला की सुटलो. आपल्या अंगणवाडी सेविकांना विचारा. २०१९ मध्ये राज्यात एक लाखाहून जास्त सेविकांना सरकारी स्मार्टफोन मिळाले, अँड्रॉइडचेच. पण रॅम होती २ जीबी. मार्च २०२१ मध्ये केंद्र सरकारचं पोषण ट्रॅकर अ‍ॅप आलं आणि बाळांची वजनं, गरोदर बायांच्या नोंदी, आहार, सगळं त्याच्यावर भरायचं ठरलं. फोन तापायचे, अडकायचे. त्यात अ‍ॅप इंग्रजीत. फोनची वॉरंटी तोवर संपलेली, दुरुस्तीचा खर्च सेविकेच्या पदरात. ऑगस्ट २०२१ मध्ये सेविकांनी जिल्ह्याजिल्ह्यांत ते फोन सरकारला परत केले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं. फोन आणि अ‍ॅप दोन्ही वरून ठरतात आणि काम मात्र बाईला करावं लागतं, हे त्यांनी मोठ्याने सांगितलं म्हणून ते सगळ्यांना दिसलं. माझ्या मते फोनच्या इतिहासात त्या आंदोलनाला कुठल्याही कंपनीएवढीच जागा मिळायला हवी.

भाषेचंही असंच आहे. आज आपण फोनची सेटिंग मराठीत करतो त्याचं काही वाटत नाही, पण अँड्रॉइडमध्ये मराठी आली ती २०१४ च्या पाचव्या आवृत्तीपासून. त्याच सुमारास आयआयटी मुंबईत शिकलेल्या तिघांनी इंडस ओएस नावाची सिस्टीम काढली, अँड्रॉइडवरच बांधलेली, आपल्या भाषांसाठी. २०१५ मध्ये ती मायक्रोमॅक्सच्या फोनवर आली. आलेला मेसेज बोट सरकवून आपल्या भाषेत वाचायची सोय तिच्यात होती. पुढे मोठ्या कंपन्यांनीच भाषा दिल्या आणि तिचं वेगळेपण उरलं नाही.

आता निवडीकडे येते. जुलै २०२४ मध्ये ‘लाडकी बहीण’चे अर्ज सुरू झाले, तेव्हा नारीशक्ती दूत हे अ‍ॅप प्ले स्टोअरवरून घ्यायचं होतं. प्ले स्टोअर म्हणजे अँड्रॉइड. कागदी अर्जही घेतले जात होते, तरी ज्यांच्याकडे तो फोन नव्हता त्या दुसऱ्याच्या दारात उभ्या राहिल्या. ग्रामीण गटांच्या नोंदींचं लोकॉस अ‍ॅपही अँड्रॉइडवरच वापरलं जातं. देशात शंभरातले नव्वदहून जास्त स्मार्टफोन अँड्रॉइडचे आहेत, त्यामुळे सरकारी काम आधी तिथेच येतं. शिवाय काही अडलं तर शेजारच्या वहिनीला विचारता येतं, तिचाही तोच असतो. हा फायदा जाहिरातीत लिहिलेला नसतो.

आयफोन टिकतो आणि त्याला बरीच वर्षं नवी आवृत्ती मिळते, हे खरं. पण आपल्यापुढे येतो तो कुणीतरी वापरून काढलेला. ५ मे २०२५ पासून आयफोन ५एस, ६ आणि ६ प्लसवर व्हॉट्सअ‍ॅप चालत नाही. असे तुकतुकीत फोन अजून विकायला येतात. जुन्या अँड्रॉइडलाही हेच लागू आहे, पाचव्या आवृत्तीच्या खालच्यांवर ते जानेवारी २०२५ पासून बंद आहे. म्हणून पैसे मोजायच्या आधी सेटिंगमध्ये आवृत्तीचा आकडा बघायचा आणि दुकानातच व्हॉट्सअ‍ॅप टाकून दाखवायला सांगायचं. आपल्या कामासाठी मला तरी अँड्रॉइडच बरा वाटतो. रॅम ४ जीबीच्या खाली नको, सेविकांचे हाल बघितलेत ना!

एक गोष्ट दुकानात घाईत होऊन जाते. अँड्रॉइडवर प्ले स्टोअर वापरायला गूगलचं खातं लागतं आणि ते भाच्याच्या किंवा दुकानातल्या पोराच्या नावाने उघडलं जातं. पुढे फोन अडकला आणि सगळं पुसून नव्याने लावायची वेळ आली, की तो जुन्याच खात्याचा पासवर्ड मागतो. भाचा पुण्याला, पासवर्ड कुणाच्या लक्षात नाही, आणि हप्ता आपला चालू. खातं स्वतःच्या नावाने, स्वतःच्या नंबरावर उघडून घ्यायचं.

जिओ फोनवरून येणार असाल तर जुने व्हॉट्सअ‍ॅप निरोप नव्या फोनवर येत नाहीत. फोटो मेमरी कार्डावर घेता येतात. नंबर मात्र आधी एका वहीत उतरवून काढा, गटातली एखादी शिकती पोर तासाभरात करून देईल.