तुमचा ईमेल अन् मेसेज दुसरं कुणी वाचत तर नाही ना? असं तपासा

मेहकर : भरती, शिष्यवृत्ती, कोणताही ऑनलाईन फॉर्म भरायचा म्हटलं की ईमेल आयडी लागतो. खेड्यात अनेकांचा हा आयडी फॉर्म भरून देणाऱ्या सेंटरवाल्यानंच काढलेला असतो अन् पासवर्डही त्याच्याच वहीत असतो. पुढं मोबाईलमध्ये तोच आयडी टाकला, की फोटो, नंबर, बँकेची स्टेटमेंट सगळं त्याच खात्यात जमा होतं. सेंटरवाला भला माणूस असेलही, पण त्याच्या कॉम्प्युटरवर दिवसभरात कोण कोण बसतं, हे त्याला तरी कुठं माहीत असतं?

मोबाईलमध्ये जीमेल उघडा. वरच्या कोपऱ्यातल्या गोल चित्रावर दाबून गुगल अकाउंटमध्ये जा अन् 'सिक्युरिटी'त 'युवर डिव्हायसेस' बघा. आपला नसलेला कॉम्प्युटर दिसला तर साइन आउट करा, मग पासवर्ड बदला. एवढ्यावर थांबू नका. रिकव्हरी नंबर कुणाचा आहे तेही पाहा. तिथं दुसऱ्याचा नंबर राहिला, तर तो 'पासवर्ड विसरलो' म्हणून पुन्हा आत शिरू शकतो. जुनं सिम बंद पडलं असेल तरी तो नंबर काढून टाका. बंद झालेला नंबर 90 दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो.

व्हॉट्सॲपचे मेसेज 2016 पासून कुलूपबंद जातात, वाटेत कुणाला वाचता येत नाहीत. धोका असतो तो हातातल्या फोनला. फोनचं लॉक माहीत असलेल्यानं दोन मिनिटांत क्यूआर कोड स्कॅन केला, की तुमच्या चॅट त्याच्या कॉम्प्युटरवर दिसू लागतात. म्हणून 'लिंक्ड डिव्हायसेस' अधूनमधून उघडून बघा. सेटिंगमध्ये 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन'चा सहा आकडी पिनही लावून घ्या. जन्मसाल टाकू नका, ते सगळ्या गावाला माहीत असतं.

साध्या एसएमएसला असं कुलूप नसतं, अन् बँकेचा ओटीपी नेमका तिथंच येतो. लग्नपत्रिका, पीएम किसान, आरटीओ चलन अशा नावांनी व्हॉट्सॲपवर येणाऱ्या एपीके फाईल त्यासाठीच असतात. फाईल इन्स्टॉल केली अन् 'एसएमएस'ची परवानगी दिली, की ओटीपी परस्पर चोराकडं जातो. ओळखीच्या नंबरवरून आली तरी उघडू नका. त्याचा फोन आधीच फसलेला असू शकतो.

सरकारलाही मनात आलं म्हणून कुणाचं बोलणं ऐकता येत नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी एकमतानं सांगितलं. त्याच आधारावर मुंबई उच्च न्यायालयानं ऑक्टोबर 2019 मध्ये मुंबईतल्या एका व्यावसायिकाचे फोन टॅप करण्याचे केंद्रीय गृह खात्याचे तीन आदेश रद्द केले अन् रेकॉर्डिंग नष्ट करायला लावलं. लाचेचं प्रकरण होतं, तरी सार्वजनिक सुरक्षेचं कारण दिसत नाही, असं कोर्टानं म्हटलं.

दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीनं वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66सी खाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद अन् एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. पैसे गेले असतील तर लगेच 1930 ला फोन लावा. नुसते मेसेज किंवा खातं चोरलं असेल तर जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्या. त्याआधी स्क्रीनशॉट काढून ठेवा. घाबरून फोन रिसेट मारला तर पुरावाही त्यातच जातो.