शेपटीवरचा केशरी

काही वर्षांपूर्वी भिवापुरातील एका शालेय चित्रकला स्पर्धेचे परीक्षण करताना मी एका मुलाचे गुण कापले होते. त्याच्या लढाऊ विमानाचे नाक उजवीकडे होते आणि शेपटीवरचे उभे पट्टे डावीकडून हिरवा, पांढरा, केशरी असे रंगवले होते. ‘ध्वज उलटा’ असा शेरा मी मारला. आधारही भक्कम वाटला : तिरंगा भिंतीवर उभा लावल्यास केशरी पट्टा पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला यावा, असे 2002 ची ध्वजसंहिता सांगते.

चूक माझी होती. शेपटीवरची ती चौकट ध्वज नसून ओळखचिन्ह आहे, आणि तिला डावे-उजवे नसते, मागे-पुढे असते. भारतीय वायुसेनेच्या विमानावर दोन्ही बाजूंना केशरी पट्टा नाकाकडे असतो. ही पद्धत ब्रिटिश हवाई दलाकडून आलेली. तिथे हा मान लाल पट्ट्याचा. अमेरिकेच्या विमानावर उजव्या बाजूचा ध्वज आरशातल्यासारखा दिसतो, त्यामागचे कारणही हेच. काठी पुढे, कापड मागे. वेगाने पुढे नेलेला ध्वज मागेच फडकणार! तिरंग्याचे आडवे पट्टे मात्र दोन्हीकडून सारखेच, म्हणून पूर्ण ध्वज रंगवताना आपल्याला ही अडचण येत नाही. केशरी वर असला म्हणजे झाले.

मुळात विमानावर ध्वज रंगवणे हेच एकदा जिवावर बेतले होते. 1914 साली ब्रिटिशांनी पंखांखाली युनियन जॅक काढला. जमिनीवरून त्यातला क्रूस तेवढा दिसे आणि जर्मन विमान समजून स्वकीयच गोळ्या झाडत. मग फ्रेंचांचे वर्तुळ रंगांचा क्रम उलटवून घेतले गेले. वर्तुळाला ना वर ना खाली. पण 1942 मध्ये इकडच्या आघाडीवर तेही नडले : मधला लाल ठिपका जपानी सूर्यासारखा दिसू लागला, म्हणून भारतातल्या विमानांवरून तो पुसावा लागला. 1947 नंतर काही काळ वर्तुळात अशोकचक्र आले; 1950 पासून बाहेर हिरवे, मध्ये पांढरे, केंद्रात केशरी.

वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. त्या मुलाने खरे विमान जवळून कुठे पाहिले होते, हे विचारायचे राहून गेले.