खुशाली

आमच्याकडे पत्राची सुरुवात ठरलेली असायची. 'इकडील सर्व खुशाल, तुमची खुशाली कळवणे.' मग मधे गाईचं व्याणं, भाताचा उतारा, कुणाचं लग्न ठरलं ते. मुंबईला गिरणीत असलेल्या माणसाला घरची पत्रं मी लहानपणी लिहून दिलीत, आणि मजकूर सांगणाऱ्या म्हाताऱ्या पहिली ओळ सांगतच नसत. 'ती तू घाल' म्हणायच्या. खुशाली ही सांगायची गोष्ट नव्हतीच, ती असायचीच. पुढे घरोघरी फोन आले, मोबाइल आले आणि तो शब्द बोलण्यातून गेला. तो परत आला 3 जून 2020 नंतर. त्या आठवड्यात श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, दापोली, मंडणगड या सगळ्या पट्ट्यात माणूस माणसाला दुसरं काही विचारतच नव्हता.

वादळं आम्हाला नवीन नाहीत, पण फार सवयीचीही नाहीत. अरबी समुद्रात चक्रीवादळं होतात ती बहुतेक पावसाळ्याच्या दोन टोकांना, मे-जूनमध्ये नाहीतर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. भर पावसाळ्यात वरचे आणि खालचे वारे असे उलटसुलट वाहतात की वादळाचा मनोरा उभाच राहू शकत नाही. झालेली वादळंही पुष्कळदा एकतर ओमानकडे जातात नाहीतर गुजरातकडे वळतात. आम्हाला शेपूट लागते, तोंड नाही. 1948च्या नोव्हेंबरात मुंबईला वादळानं झोडपलं, त्याच्या गोष्टी आमच्या आधीच्या पिढीनं सांगितल्या. मग 11 नोव्हेंबर 2009ला फयान. ते आलं तेव्हा मासेमारीचा हंगाम ऐन भरात होता, होड्या दर्यावर होत्या. फयानमध्ये रत्नागिरीकडची माणसं परत आली नाहीत. तेव्हा खुशाली विचारायची ती बंदरावर उभं राहून, समुद्राकडे तोंड करून.

निसर्ग वादळात हे उलटं झालं. महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे बऱ्याच होड्या वर ओढून झालेल्या किंवा खाडीत शिरलेल्या होत्या. दर्यानं माणसं फार नेली नाहीत. जे गेलं ते जमिनीवरचं गेलं.

नाव बांगलादेशानं दिलेलं. हिंदी महासागराच्या या भागातल्या देशांनी मिळून केलेल्या नव्या यादीतलं ते पहिलंच नाव. निसर्ग! मराठी माणसाला निसर्ग म्हणजे सहल, हिरवळ, शाळेतला निबंध. आमच्या आळीतली एक आजी शेवटपर्यंत त्याला 'तो निसर्ग' असंच म्हणायची, जावयाबद्दल बोलावं तसं. 31 मेला समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र झालं, 2 जूनला त्याचं चक्रीवादळ झालं, 3 तारखेला पहाटे ते तीव्र झालं आणि दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. ताशी 110 ते 120 किलोमीटर, मधेच 130. आकडे हवामान खात्याचे. आमच्याकडे मोजायला फक्त कौलं होती.

सकाळपासून वारा होता तो डोंगराकडचा, आग्नेयेचा. मतलई वाऱ्याची आम्हाला सवय, पण हा पहाटे उठून दुपारी झोपणारा नव्हता. साडेअकरा-बारापासून आवाज बदलला. पोफळी धनुष्यासारख्या वाकायच्या, सुटायच्या, परत वाकायच्या. मग एकाएकी शांत. इतकं शांत की लोक ओटीवर येऊन बघायला लागले. आमच्या शेजारचा एकजण तर पडलेले नारळ गोळा करायला वाडीत उतरला. त्याला हाका मारून आत घेतला नाही तोच वारा परत आला तो समुद्राकडून, वायव्येचा. वादळाचा डोळा डोक्यावरून गेला की वारा असा पाठ फिरवतो, हे पुस्तकात मी पोरांना शिकवलेलं होतं. जी झाडं पहिल्या वाऱ्यानं एका बाजूला ढिली केली होती ती या दुसऱ्यानं उपटली. पोफळ मधे मोडते, बंदुकीच्या बारासारखा आवाज होतो. माड मुळासकट येतो, नाहीतर त्याचा शेंडा कुणी मुंडी पिरगाळावी तसा पिरगाळला जातो.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. तो करोनाचा जून होता. टाळेबंदी नुकतीच सैल होत होती. मुंबईहून आलेले चाकरमानी चौदा दिवसांसाठी शाळेत ठेवलेले. कित्येक गावांनी वेशीवर बांबू आडवे घातले होते. आपलीच माणसं, आपल्याच गावात, आणि त्यांची आई ताट घेऊन येऊन शाळेच्या पायरीवर ठेवून मागे सरकायची. त्या दुपारी शाळेचे पत्रे उडाले. पोरं पावसात बाहेर आली आणि जवळ जे स्लॅबचं घर होतं तिथे पळाली. त्या घरात आधीच कौलारू घरांतली वीस-पंचवीस माणसं येऊन बसली होती. दार कुणी उघडलं ते कुणाला आठवत नाही. तोंडावर रुमाल कुणाच्या होता, कुणाच्या नव्हता. तीन तास तीसेक माणसं दोन खोल्यांत दाटीवाटीनं उभी होती. त्यातलं पुढे कुणी आजारी पडलं नाही, हे नशीब.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघालो. गाडी काढायचा प्रश्नच नव्हता. रस्ता म्हणून काही दिसत नव्हतं, आंबा, फणस, विजेचे खांब, तारा असं सगळं एकमेकांत गुंतून पडलेलं. चार किलोमीटरवरच्या गावात माझा शाळेपासूनचा मित्र. एरवी पाऊण तासाची वाट, त्या दिवशी मला साडेतीन तास लागले, कारण वाटेत प्रत्येक घर थांबवत होतं. अंगणात उभं राहायचं आणि ओरडायचं, 'आहेत का सगळी?' आतून 'आहोत' आलं की पुढे. काही घरांना छप्परच नव्हतं, म्हणजे आत-बाहेर असा फरक नव्हता, तरी मी अंगणातूनच ओरडत होतो. एका काकूंनी तशाही स्थितीत 'चहा घेऊन जा गुरुजी' म्हटलं. चूल ओली, साखरेचा पाक झालेला. त्यांना चहा द्यायचाच होता असं नाही, मी थोडा वेळ उभं राहावं असं होतं. उभा राहिलो.

मित्र वाडीत होता. बारा गुंठ्यांची वाडी, आजोबांनी लावलेली, बापानं वाढवलेली. श्रीवर्धनी रोठा सुपारीचं नाव मोठं, पण ती पिकते अशा दहा-बारा गुंठ्यांच्या तुकड्यांतच. तो एका आडव्या खोडावर बसला होता. मला बघून उठला नाही. म्हणाला,

'एकशेएकतीस.'

'काय?'

'पोफळी. माड चौदा. परत मोजू का?'

मी म्हटलं, मोजू. आम्ही दोघं साठीच्या पलीकडचे म्हातारे परत सगळी वाडी फिरलो, खोडांवरून चढत उतरत. एकशेएकतीसच भरल्या. पोफळ लावल्यावर बेडं धरायला सहा-सात वर्षं जातात, भरघोस यायला आणखी. आमच्या वयाच्या माणसानं हा हिशोब मोठ्यानं करायचा नसतो. त्यानं केला नाही, मीही नाही. बायको बरी आहे, म्हैस बरी आहे, एवढं त्यानं निघताना सांगितलं.

इकडे आम्ही एकमेकांना बघत होतो तरी. हाल मुंबईकरांचे झाले. टॉवर पडले किंवा विजेअभावी मुके झाले. डोंबिवली, विरार, परळ इथे बसलेल्या माणसांना टीव्हीवर श्रीवर्धनचं नाव दिसतंय आणि घरचा फोन 'संपर्कक्षेत्राबाहेर'. माझ्या धाकट्या भावानं मला दोन दिवसांत किती फोन लावले ते नंतर त्याच्या मोबाइलवर दाखवलं, मी मोजायचं सोडून दिलं. गावात एक पोरगा मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. तिसऱ्या दिवशी म्हसळ्याकडचा रस्ता दुचाकीपुरता मोकळा झाला असं कळल्यावर त्यानं घरोघर फिरून एका वहीत नंबर लिहून घेतले. नाव, नंबर, निरोप. निरोप कमी शब्दांत सांगा म्हणाला. लोकांनी खरोखर तारेसारखे निरोप दिले. 'आई बरी, घर पडले.' 'सर्व खुशाल, येऊ नका.' 'बाबांच्या गोळ्या संपल्या.' तो माणगावपर्यंत गेला तेव्हा कुठे नीट रेंज मिळाली. एकेक नंबर लावून सगळे निरोप सांगितले, आलेली उत्तरं त्याच वहीत समोर लिहिली आणि रात्री परत येऊन वाचून दाखवली. ती वही मी बघितली आहे. बहुतेक उत्तरांच्या जागी एकच शब्द आहे, 'रडल्या' किंवा 'रडला'.

मग सुरू झालं ते लांबलचक. आमच्याकडे वीज यायला महिना उलटला. विजेशिवाय आमचे आजोबा राहिलेच होते असं म्हणणारे शहरात पुष्कळ भेटले. आजोबांकडे रहाट होता, पोहरा होता, रॉकेल होतं, जातं होतं. आमच्या विहिरींवर पंप. वीज गेल्यावर पाणी चाळीस फूट खाली दिसतंय आणि घरात पुरेसा लांब दोर नाही! पोहरे शोधायला माळे धुंडाळले, काहींनी पोहऱ्यात तुळशी लावल्या होत्या त्या उपटल्या. रेशनचं रॉकेल गॅस आल्यावर बंद झालेलं, त्यामुळे कंदील असले तरी त्यात घालायला काही नाही. गिरण बंद, म्हणून भाकरी बंद, नुसता भात. जनरेटर घेऊन एकजण आला, दहा रुपयांत मोबाइल भरून द्यायचा. रेंज नसलेले मोबाइलही लोक भरून घेत होते.

आणि पाऊस. 11 जूनला मान्सून कोकणात दाखल झाला, म्हणजे छप्पर घालायला आठवडा. कौलं मिळेनात, पत्र्यांचे भाव चढले, ताडपत्री हा शब्द दिवसातून शंभरदा ऐकू यायचा. तेव्हा सावड परत आली. शेतीत लावणीला आम्ही सावड करायचो, आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. मधल्या काळात मजुरीवर सगळं गेलं होतं. आता वासे चढवायला, रीप ठोकायला मजूरच नव्हता, मग उरलेल्या कौलांचं एका खोलीपुरतं छप्पर प्रत्येकाचं करायचं असं ठरलं. या कामात सगळ्यात पुढे होती ती शाळेत कोंडलेली मुंबईची पोरं. रस्त्यावरची झाडंही त्यांनीच तोडली. वेशीवरचा आडवा बांबू वादळात कुठे गेला कोण जाणे, परत कुणी बांधला नाही.

मुख्यमंत्री 5 जूनला अलिबागला आले, रायगडला तातडीचे 100 कोटी जाहीर झाले. पुढे फळबागांची मदत वाढवून हेक्टरी 50,000 केली. आकडा ऐकायला बरा वाटतो. पण हेक्टर म्हणजे सुमारे शंभर गुंठे. माझ्या मित्राच्या बारा गुंठ्यांचे झाले 6,000 रुपये. पडलेली झाडं एकशे पंचेचाळीस. झाडामागे चाळीसएक रुपये, आणि पडलेला माड तोडून बाजूला करायला मजूर मागेल ते वेगळंच. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. हेक्टरचं माप उसाच्या, कपाशीच्या रानाला बसतं, वाडीला बसत नाही. वाडी आम्ही कधी जमिनीनं मोजलीच नाही, झाडांनी मोजली. झाडांच्या संख्येवर मदत द्या अशी मागणी झाली ती यातूनच.

त्या पावसाळ्यात मी दर आठ दिवसांनी मित्राकडे जात राहिलो. काही कामासाठी नाही. तोही ओळखून होता. 'आलास का मोजायला?' म्हणायचा. उभ्या राहिलेल्या पोफळींतल्याही काही पुढच्या दोन महिन्यांत वाळल्या, शेंडा आतून दुखावला होता. गणपतीत मुलगा आला आणि वाडी विकण्याचं बोलणं निघालं. समुद्रापासून पाच मिनिटांवर, रिसॉर्टला सोन्यासारखी जागा. आजूबाजूच्या दोघांनी दिल्याही. मला मुलाचं चुकलं असं वाटत नाही, त्याला पुण्यात घराचे हप्ते आहेत. मित्रानं ऐकून घेतलं, हो-नाही काही बोलला नाही. दसऱ्यानंतर गेलो तर त्यानं केळी लावलेल्या. पोफळीच्या रोपाला सावली लागते, म्हणून आधी केळ लावतात. म्हणजे उत्तर मला कळलं, मुलाला कळायला आणखी थोडे दिवस लागले.

17 मे 2021ला तौक्ते किनाऱ्याकिनाऱ्यानं वर गुजरातकडे गेलं, तेव्हा आम्हाला पुन्हा एकदा दिवसभर वारा झाला. या खेपेला लोकांनी आदल्या दिवशीच पत्र्यांवर दोर टाकले, टाक्या भरल्या, पोहरे काढून ठेवले. दुपारी फोन चालू होते तोवर मित्राचा फोन आला. मी विचारायच्या आधीच म्हणाला, 'सगळी उभी आहेत. गुडघ्याएवढी तर आहेत, पडायची कशाला?'

मग म्हणाला, 'तुझ्याकडे काय?' आणि फोन तुटला. मी चपला घातल्या.