किती फरकानें?

दसऱ्याच्या सुमारास गेवराईच्या बाजारांत नवा कापूस येऊं लागला, म्हणजे आमच्या स्नेहमंडळींत दरवर्षीं एक लहानसा कलह उद्भवतो. मंडळी सातआठ जणांची. त्यांत एक वकील, दोन शिक्षक, एक आडत्ये, आणि बाकीचे स्वतःच्या रानांत कपाशी लावणारे. सरकारनें हमीभाव आधींच जाहीर केलेला असतो. खरेदीच्या मुहूर्ताच्या दिवशीं खरा भाव त्याच्या वर निघेल कीं खालीं, आणि निघाल्यास किती फरकानें, हें प्रत्येकानें चिठ्ठीवर लिहून द्यावयाचें. ज्यांचा अदमास चुकेल त्यांनीं सर्वांस भजीं व चहा द्यावयाचा, असा आमचा परिपाठ आहे. आडत्ये बहुधा जिंकतात. शेतकरी स्नेह्यांपैकीं एक वडीलधारे गृहस्थ मात्र दरवर्षीं ‘वर’ असेंच लिहितात आणि बहुधा हरतात. त्यांस कारण विचारलें तर ते हसून विषय बदलतात.

या मंडळींतील एका शिक्षकांचे भाचे अमेरिकेंत असतात. ते सुटींत आले असतां त्यांनीं आमचा हा खेळ पाहिला आणि म्हणाले, ‘मामा, आमच्याकडे हेंच चालतें, फक्त कापसाच्या जागीं कॉलेजांचा फुटबॉल असतो.’ त्यांनीं सांगितलेली हकीकत ऐकून आम्ही त्या विषयाच्या मागें लागलों, आणि तो माग काढतां काढतां आमच्याच नदीच्या कांठीं परत आलों. तोच प्रवास येथें वाचकांस सादर करितों.

अमेरिकन फुटबॉलांत बलाढ्य कॉलेजाचा संघ दुबळ्या कॉलेजाशीं खेळूं लागला, तर कोण जिंकणार याविषयीं कोणासच शंका नसते, आणि जेथें शंका नाहीं तेथें पैज नाहीं. पूर्वीं यावर उपाय एकच होता. दुबळ्याच्या बाजूनें पैसे लावणारास एकास पांच, एकास दहा असा जबर परतावा कबूल करावयाचा. पुढें १९४० नंतरच्या दशकांत निराळी युक्ति रूढ झाली. तिचें श्रेय बहुधा चार्ल्स मॅक्नील नांवाच्या गृहस्थांस दिलें जातें. हे एके काळीं गणिताचे शिक्षक होते, ही गोष्ट आमच्या दोन्ही शिक्षक स्नेह्यांस फार आवडली. युक्ति अशी कीं, बलाढ्य संघानें दुबळ्यास आरंभींच कागदावर कांहीं गुण देऊन टाकावयाचे. सात गुण दिले असतील, तर बलाढ्य संघानें सातांहून अधिक फरकानें जिंकलें तरच त्याच्या बाजूची पैज खरी. नेमक्या सातांनीं जिंकला तर ज्याचे पैसे त्यास परत. आणि त्याहून कमी फरकानें जिंकला, तर मैदानावर विजयाचे नगारे वाजत असतांही त्याचे पाठीराखे खिशांतून पैसे काढीत असतात! बरोबरीचा घोळ नको म्हणून पुष्कळदां साडेसहा किंवा साडेसात असे अर्ध्याचे आंकडे ठेवितात, कारण अर्धा गुण मैदानावर कोणासच मिळूं शकत नाहीं. त्या खेळांत गुण तिनांच्या व सातांच्या पटीनें बहुधा पडतात, म्हणून तीन व सात या आंकड्यांभोंवतीं सारी विद्या घोटाळत असते.

यांत पैज घेणाराचा लाभ कोठें, असें कोणी विचारील. पैज लावणारा अकरा मोडतो व जिंकल्यास दहा मिळवितो. दोन्ही बाजूंस सारखे पैसे आले, तर बावीसांतील एक घेणाराच्या पेटींत राहतो. म्हणजे शंभरांत साडेचारांच्या आसपास. याच हिशेबानें पैज लावणाराचा अदमास शंभरांत बावन्न वेळांहून किंचित् अधिक खरा ठरला पाहिजे, तेव्हां कोठें तो नुकसानींतून सुटतो. बावन्न हा आंकडा ऐकावयास किती सोपा वाटतो! पण आमच्या मंडळींच्या गेल्या कांहीं वर्षांच्या चिठ्ठ्या जमवून पाहिल्या, तर आडत्यांखेरीज कोणीही तेथवर पोंचलेलें नाहीं.

राजानें जुगारांतून वाटा घेण्याची ही कल्पना आपल्याकडे मुळींच नवी नव्हे. कौटिल्यानें द्यूताध्यक्ष नेमून जिंकलेल्या द्रव्यांतून शेंकडा पांच घ्यावे असें सांगितलें आहे. अमेरिकेंतील साडेचार त्यापासून फारसे दूर नाहींत, आकारणीची रीत तेवढी निराळी. मनूनें निर्जीव फांशांचा खेळ तें द्यूत व सजीव प्राण्यांच्या झुंजीवरील पैज ती समाह्वय, असा भेद केला, आणि दोहोंवरही राग धरला. परंतु या विषयाचा आमच्या मतें सर्वांत सूक्ष्म विचार महाभारतांतील नलाख्यानांत आहे. ऋतुपर्ण राजा बेहड्याच्या झाडावरचीं पानें व फळें धांवत्या रथांतून केवळ नजरेनें मोजून सांगतो, आणि तीच विद्या फांशांच्या विद्येचें मर्म म्हणून नलास देतो. फांशांतील यश आणि झाडावरील फळांचा अदमास या दोन गोष्टी एका दोरींत ओंवणारा तो कथाकार कोणी साधा माणूस नसावा. त्यानें ‘कोण’ हा प्रश्न सोडून ‘किती’ हा प्रश्न धरला.

‘कोण’ सोडून ‘किती’ धरणारी पैज आपल्या मराठी मुलुखांत अमेरिकेच्या फार पूर्वींपासून चालत होती, आणि तिची पेठ मुंबई होती. गेल्या शतकाच्या मागील शतकांत कलकत्त्यास सरकारी अफूचा लिलांव होई. त्या लिलांवांत पाटण्याच्या अफूच्या पेटीस सरासरी काय भाव पडेल, यावर मुंबईचे व्यापारी आपसांत करार करीत. एक आंकडा आधींच ठरावयाचा. लिलांवाचा भाव त्याच्या वर गेला तर एकानें, खालीं गेला तर दुसऱ्यानें, जेवढा फरक तेवढे पैसे द्यावयाचे. अफूच्या एका गोळीसही कोणीं हात लावावयाचा नाहीं. अशाच एका व्यवहाराचा दावा विलायतेस प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. विलायतेंत १८४५ च्या कायद्यानें पैजेचे करार रद्द झालेले होते, परंतु तो कायदा हिंदुस्थानास लागू नव्हता. म्हणून न्यायाधीशांनीं १८४८ सालीं मोठ्या खेदानें, असा दावा येथें चालूं शकतो, असा निर्णय दिला. त्याच सालीं सरकारनें एकविसावा कायदा करून तो दरवाजा बंद केला. १८६५ सालीं मुंबई इलाख्यापुरता आणखी कडक कायदा झाला, आणि १८७२ च्या करारांच्या कायद्याच्या तिसाव्या कलमानें पैजेचा करार सर्वत्र निरर्थक ठरविला. घोड्यांच्या शर्यतींतील पांचशें रुपयांवरील बक्षिसांस मात्र अपवाद राहिला. घोड्यांवर एवढी कृपा कां, याचें उत्तर त्या काळीं शर्यतीस कोण जात असत, हें पाहिल्यास सहज मिळतें.

घोड्यांचा विषय निघाला आहे तर एक गोष्ट सांगून टाकूं. मुंबईचें महालक्ष्मीचें शर्यतीचें मैदान १८८३ सालचें. तेथें चांगल्या घोड्याच्या पाठीवर अधिक वजन व हलक्या घोड्याच्या पाठीवर कमी वजन घालून सर्वांस एका पातळीवर आणण्याची शर्यत असते. अमेरिकेंतील कागदावरचे गुण आणि येथील खोगिराखालचें शिसें यांत तत्त्वाचा भेद नाहीं. व्यवहाराचा भेद मात्र मोठा आहे. घोड्यास तें वजन जाणवतें. फुटबॉल खेळणाऱ्या पोरास कागदावरच्या सातांची दादही नसते.

मुंबईकरांनीं पावसासही सोडलें नाहीं. ठराविक तासांत मोरींतून पाणी वाहील इतका पाऊस पडेल कीं नाहीं, यावर ते आभाळाकडे पाहून पैसे लावीत. जुगाराच्या १८८७ च्या कायद्यांत हा प्रकार बसत नाहीं असें दिसून आल्यावर १८९० सालीं दुरुस्ती करून पावसावरील जुगारास मनाई करावी लागली. कलकत्त्यास तसाच कायदा १८९७ सालीं झाला. आमच्या बीड जिल्ह्यांत कोणास ही चैन सुचली असती असें वाटत नाहीं. येथें पावसावर डाव मांडलेलाच असतो. तो जून महिन्यांत बियाण्याच्या रूपानें मातींत पडतो, आणि त्याविरुद्ध कायदा करितां येत नाहीं.

तरी या साऱ्या इतिहासाचा नायक कापूसच. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी सुरू झाली, दक्षिणेचीं बंदरें अडविलीं गेलीं, आणि विलायतेच्या गिरण्यांचे डोळे हिंदुस्थानाच्या कापसाकडे लागले. मुंबईंत सोन्याचा पूर आला. त्या वेळीं मुंबईच्या पेढ्यांवर ‘अमेरिकेंत कोण जिंकणार’ हा प्रश्न गौण होता. ‘युद्ध केव्हां संपणार’ हाच खरा. एप्रिल १८६५ मध्यें तें संपल्याची बातमी आली, भाव कोसळले, आणि १ जुलै १८६५ या वायद्याच्या दिवशीं प्रेमचंद रायचंदांसारख्या धनाढ्यासह अनेकांचीं घरें बसलीं. पुढें कापसाच्या बाजारास शिस्त लावण्याचे प्रयत्न झाले, १९२१ सालीं ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशन स्थापन झाली. परंतु तेजीमंदीचा सौदा म्हणजे भाव एका आंकड्याच्या वर कीं खालीं याची पैज, ती कांहीं थांबली नाहीं. १९५२ च्या वायदे-नियमनाच्या कायद्यानें मालावरील तेजीमंदीस बंदी केली.

यानंतर जें घडलें तें आम्हांस विद्येचा ऱ्हास म्हणून फार बोचतें. न्यू यॉर्कच्या कापूसबाजारांत भाव उघडतांना व बंद होतांना जो आंकडा निघे, तो तारेनें मुंबईस येई, आणि लोक त्या आंकड्यांवर पैसे लावूं लागले. यांत भावाची तेजीही नाहीं व मंदीही नाहीं. कापूस काळा कीं पांढरा हें ठाऊक नसलेल्या माणसासही तो खेळ तितकाच सोपा. १९६१ सालीं न्यू यॉर्कचा आंकडा येणें बंद झालें, तेव्हां कापूस उरलाच नाहीं. मडक्यांत चिठ्ठ्या घालून आंकडा काढणें सुरू झालें, आणि मडक्यावरून त्यास मटका हें नांव पडलें. कल्याणजी भगत यांचा वरळीचा मटका १९६२ चा व रतन खत्री यांचा १९६४ चा. गिरणगांवांतील मजुरांचा पगार त्यांत गेला. ज्या कामगारानें दिवसभर कापूस पिंजावा, त्यानेंच संध्याकाळीं त्या कापसाच्या नांवानें निघालेल्या पोकळ आंकड्यावर घाम उधळावा, याहून क्रूर विनोद आम्हांस ठाऊक नाहीं. ऋतुपर्णाचीं पानें व फळें गळून गेलीं, आणि उरला तो नुसता फांसा.

आतां आमच्या नदीकडे वळूं. गेवराई तालुक्यांत गोदेच्या कांठीं राक्षसभुवन आहे. शनीचें स्थान म्हणून साडेसातीचे भाविक तेथें लोटतात. त्याच कांठावर १० ऑगस्ट १७६३ रोजीं जी लढाई झाली, तिच्या आदल्या दिवशीं एखाद्या अमेरिकन पैजवाल्यास बसविलें असतें, तर त्यानें काय आंकडा काढला असता, हा प्रश्न आम्ही आमच्या मंडळींत एकदां घातला. वकील म्हणाले, मराठ्यांस गुण द्यावे लागले असते. पानिपत होऊन अडीच वर्षें झालेलीं, माधवराव पेशवे अवघे अठरा वर्षांचे, काका रघुनाथरावांशीं नुकतीच समेट झालेली, आणि निजामअल्लीनें त्याच वर्षीं पुणें जाळलेलें. कागदावर पाहतां पारडें निजामाचेंच जड. परंतु आडत्ये म्हणाले, ‘नदीस विसरूं नका.’ आणि खरोखर तेंच झालें. निजाम फौजेचा मोठा भाग घेऊन गोदेपार गेला, श्रावणाचें पाणी चढलेलें, आणि दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह अलीकडे अडकला. जड पारड्यांतील वजन गोदेनेंच उचलून घेतलें. लढाईंत रघुनाथराव शत्रूच्या गराड्यांत सांपडले असतां माधवरावांनीं धांवून जाऊन त्यांस सोडविलें, विठ्ठल सुंदर मारला गेला, आणि पलीकडच्या तीरावरून निजामास तें पाहात राहण्यावांचून गत्यंतर राहिलें नाहीं. तारीख पाठ केली म्हणजे विजय ठाऊक होतो. पाण्याची पातळी ठाऊक असली म्हणजे तो समजतो.

याच गांवांवर पुढें सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचा अंमल राहिला. मुंबईच्या या साऱ्या कायद्यांचा त्या काळांत येथें संबंध नव्हता. भाव मात्र मुंबईचाच चाले, आणि मुंबईचा भाव लिव्हरपूल व न्यू यॉर्ककडे पाहून हाले. १९७२ पासून राज्य सरकारनें कापसाची एकाधिकार खरेदी सुरू केली, तेव्हां कांहीं वर्षें भावाची पैज लावण्यासारखें कांहीं उरलें नाहीं; ती व्यवस्था पुढें मोडली आणि आमच्या चिठ्ठ्यांस पुन्हां अर्थ आला. अमेरिकेंत तेथील सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं खेळांवरील पैजांस राज्याराज्यांत वाट मोकळी केली. आपल्याकडे पैसे लावून जालावर खेळावयाच्या खेळांस २०२५ सालीं केंद्राच्या कायद्यानें बंदी आली. भाचे म्हणतात, तिकडे त्यांचे मित्र आतां भ्रमणध्वनीवर एकेकटे पैसे लावतात, आणि शनिवारीं एकत्र बसून एकमेकांच्या अदमासाची टर उडविणें कमी झालें आहे. हें ऐकून आम्हांस वाईट वाटलें.

गेल्या खेपेस मुहूर्ताच्या दिवशीं चिठ्ठ्या उघडल्या, तेव्हां त्या वडीलधाऱ्या गृहस्थांची चिठ्ठी पुन्हां ‘वर’ अशीच निघाली, आणि भाव खालीं होता. आडत्ये हळूच म्हणाले, ‘काका, खालचा अंदाज तुम्हांलाही होताच ना?’ काकांनीं भज्यांचे पैसे काढून ठेवले आणि म्हणाले, ‘होता कीं. पण बैलगाडी बाहेर उभी आहे. आंत बसून तिच्याविरुद्ध कसें लिहूं?’ मग ते उठले, आणि गाडींतला कापूस मापाला लावण्यास गेले.