७. डेम्लो संख्या
दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) या देवळालीच्या शाळाशिक्षकाने दिलेले नाव. डेम्लो हे तेव्हाच्या जी.आय.पी. रेल्वेवरचे स्टेशन, म्हणजे आजची डोंबिवली. डेम्लो संख्यांपैकी १२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या १११११११११ चा वर्ग आहे. गुणाकार मांडताना नऊ एकांच्या नऊ ओळी एकेक घर डावीकडे सरकतात. कोणत्याच रकान्याची बेरीज नऊपुढे जात नाही, हातचा येत नाही, म्हणून अंक असे देखणे चढतात आणि उतरतात. दहा एकांच्या वर्गात हातचा येतो आणि रचना मोडते : १२३४५६७९००९८७६५४३२१. नऊ एकांचा वर्ग सतरा अंकी असूनही त्याचे भिन्न मूळ अवयव तीनच, ३, ३७ आणि ३३३६६७. विभाजक मात्र ४५. अंकांची बेरीज ८१, हाही वर्गच.